बाजार हलवण्याआधी: नाशिकमधील एका भाजीबाजाराच्या स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

रस्त्याकडेचा भाजीबाजार पाच-सहाशे मीटरवरच्या मोकळ्या भूखंडावर नेणे हे कोणत्याही महापालिकेच्या दप्तरी किरकोळ काम समजले जाते. त्याला मोठी निविदा लागत नाही की भूसंपादन करावे लागत नाही. विभागीय कार्यालयाची एक टिपणी, वर्तमानपत्रातील एक जाहीर नोटीस आणि अतिक्रमण विभागाचे एक पथक एवढ्यावर ते उरकेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अशीच कामे वर्षानुवर्षे लोंबकळत राहतात. बाजार हलतो, नवे ओटे रिकामे राहतात, आठ-पंधरा दिवसांत हातगाड्या जुन्या जागी परततात आणि अतिक्रमणची गाडी दिसली की पळापळ सुरू होते. पुढील प्रकरणात हेच काम एकदा फसले आणि दुसऱ्या खेपेला बऱ्यापैकी मार्गी लागले. दोन्ही वेळा भूखंड तोच होता, कायदा तोच होता आणि अधिकारीही बहुतांशी तेच होते. बदलली ती लोकांना विचारण्याची वेळ, जागा आणि रीत.

प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेले आहे. त्यातील वसाहत, बाजार आणि माणसे कोणा एका ठिकाणची नाहीत. नाशिक शहर, त्याचा औद्योगिक पट्टा आणि उल्लेखलेले कायदे मात्र खरे आहेत.

बाजार आणि त्याची माणसे

सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींच्या भोवती कामगारांच्या वस्त्या वाढत गेल्या, तसे त्यांच्या येण्याजाण्याच्या रस्त्यांवर बाजारही वाढले. कंपनीच्या बसमधून उतरलेला माणूस घरी जाता जाता भाजी घेतो. त्यासाठी तो वाट वाकडी करत नाही. या प्रकरणातील बाजार अशाच एका रस्त्याच्या डाव्या अंगाला, बसथांब्यापासून चौकापर्यंत पसरलेला होता. कोणी नियोजन करून तो वसवला नव्हता. पथविक्रेत्यांच्या कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून ज्याचा उल्लेख आहे तो हाच प्रकार, फक्त तशी नोंद या बाजाराला मिळालेली नव्हती.

दुरून पाहणाऱ्याला सगळे विक्रेते सारखेच दिसतात, आणि पहिल्या प्रयत्नाच्या अपयशाचे एक मूळ या दिसण्यातच होते. बाजारात किमान तीन प्रकारचे लोक बसत. पंचवटीतील बाजार समितीच्या आवारातून माल उचलून रोज विकणारे पथारीवाले हा पहिला आणि सर्वांत मोठा गट. दुसरा गट दिंडोरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून सकाळच्या पहिल्या गाडीने येणाऱ्या शेतकरी बायांचा. मेथी, शेपू, कोथिंबिरीच्या जुड्या आणि पावसाळ्यात रानभाज्या घेऊन त्या येत आणि दहाच्या आत पाटी रिकामी करून परत फिरत. तिसरा गट फळांच्या आणि खाद्यपदार्थांच्या हातगाड्यांचा, ज्यांचा खरा धंदा संध्याकाळी, पाळी सुटल्यावर होई. याखेरीज मागचे पक्के गाळेवाले होते, ज्यांना बाजारामुळे गिऱ्हाईक मिळे आणि त्याच बाजारामुळे दुकानाचे तोंडही झाकले जाई. शेजारच्या सोसायट्यांतील रहिवाशांना ताजी भाजी दारात हवी होती, पण गाडी बाहेर काढताना वाटेत पथारी नको होती. मागण्यांतला हा विरोध कोणाचा खोटेपणा नव्हता. एकाच माणसाच्या दोन गरजा एकमेकींच्या आड येत होत्या, एवढेच.

रस्त्याच्या त्या अंगाने पावसाळी गटार टाकायचे ठरले आणि बाजार हलवणे भाग पडले. नाशिकमध्ये अशा कामांना एक वेगळी घाई असते. सिंहस्थ दर १२ वर्षांनी येतो. २००३, २०१५ आणि आता २०२६-२७. दहा वर्षे मागे पडलेली कामे शेवटच्या दोन वर्षांत एकदम निघतात, आणि पर्वणीची तारीख पुढे ढकलता येत नसल्यामुळे कात्री लागते ती लोकांना विचारण्याच्या मुदतीला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थातील साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीसाठी, तपोवनातील झाडे तोडण्याच्या नोटिशीवरून शहरात जो विरोध उभा राहिला, त्याच्या मुळाशी झाडांबद्दलची आस्था जितकी होती, तितकीच निर्णय आधीच झाला असून हरकती केवळ उपचारापुरत्या मागवल्या जात आहेत ही भावनाही होती. बाजाराचे प्रकरण त्या मानाने अगदी लहान, पण जात तीच.

पहिली नोटीस

पहिल्या प्रयत्नात काढलेली नोटीस बारकाईने वाचण्यासारखी आहे, कारण अशा नोटिसा आपल्याकडे जवळपास साच्यातून निघतात.

‘तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, सदर रस्त्यावरील अनधिकृत विक्रेत्यांचे नियोजित जागेवर स्थलांतर करण्याचे प्रस्तावित आहे. याबाबत कोणाच्या हरकती वा सूचना असल्यास त्या नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून १५ दिवसांच्या आत कार्यालयीन वेळेत लेखी स्वरूपात सादर कराव्यात. नियोजित जागेचा नकाशा कार्यालयात पाहावयास उपलब्ध आहे. विहित मुदतीत हरकत प्राप्त न झाल्यास कोणाचीही हरकत नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’

यात बेकायदेशीर वाटावे असे वरवर काही नाही, आणि म्हणूनच ती कोणाला खटकली नाही. तरी चार ओळींत पाच अडथळे आहेत. कार्यालयीन वेळ ही विक्रेत्याची विक्रीची किंवा, पहाटे बाजार समितीत जाणाऱ्याची, झोपेची वेळ असते. लेखी हरकतीसाठी आधी अर्ज लिहून देणारा शोधावा लागतो. नकाशा पाहायला कार्यालयात जायचे तर अर्धा दिवस बुडतो, आणि नकाशा वाचता येईलच असे नाही. हाच भूखंड का निवडला, दुसरा कोणता पाहिला होता का, याचा उल्लेख नाही. शेवटचे वाक्य तर मौनालाच संमती ठरवते. भाजी विकणाऱ्या बाईने वर्तमानपत्रातील नोटीस पाहिली नाही, तर तिची हरकत नाही असा त्याचा सरळ अर्थ होतो.

हरकती आल्या त्या एका सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांकडून आणि दोघा-तिघा गाळेवाल्यांकडून. सोसायटीचे पत्र टंकलिखित, मुद्देसूद आणि स्थलांतराला पाठिंबा देणारे होते. विक्रेत्यांकडून एकही कागद आला नाही. फाईलवर शेरा पडला की हरकती नगण्य आहेत. ज्याचे नुकसान सर्वांत कमी त्याचा आवाज फाईलमध्ये सर्वांत मोठा, आणि ज्याचे पोट त्या जागेवर त्याच्या नावापुढे कोरी जागा, असे हे चित्र होते. ते कोणी मुद्दाम रंगवलेले नव्हते. नोटीस काढणाऱ्या लिपिकाने मागच्या नोटिशीचा मजकूर उचलून तारीख बदलली होती, इतकेच.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. भूखंडावर सिमेंटचे ओटे बांधले गेले, एका सकाळी पथक आणि पोलीस बंदोबस्त आला, बाजार हलला. गिऱ्हाईक मात्र हलले नाही. पहिल्या आठवड्यातच पालेभाज्या सुकून फेकाव्या लागल्या आणि दुसऱ्या आठवड्यात निम्मा बाजार जुन्या जागी परतला. वजनकाटे आणि पाट्या जप्त झाल्या, बायका विभागीय कार्यालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या, आणि विक्रेत्यांच्या वतीने एका वकिलाचे पत्र कार्यालयाच्या आवकमध्ये दाखल झाले.

त्या पत्रातील कायदेशीर मुद्दा बिनतोड होता. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा १ मे २०१४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ नुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठवता किंवा हलवता येत नाही. प्रमाणपत्र असलेल्याला हलवायचे तर कलम १८ नुसार ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. महापालिकांना मात्र जुनी सवय आहे ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २३१ ची, जे रस्त्यावर विक्रीसाठी मांडलेला माल विनानोटीस हटवण्याचा अधिकार आयुक्तांना देते. दोन कायद्यांच्या या ओढाताणीत शहरोशहरी भांडणे झाली आहेत. या प्रकरणात सर्वेक्षण अर्धवट होते. जे झाले होते तेही उन्हाळ्यात झालेले, म्हणजे पावसाळ्यात येणाऱ्या शेतकरी बायांची त्यात नोंदच नव्हती. ज्यांना नोटिशीत ‘अनधिकृत’ म्हटले होते, त्यांचे अधिकृत-अनधिकृतपण अजून ठरायचेच होते. स्थलांतर थांबवावे लागले.

काय ठरलेले आहे आणि काय नाही

दुसऱ्या प्रयत्नाची सुरुवात एका पानाच्या कागदाने झाली, आणि या सगळ्या प्रकरणात अनुकरण करण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ती हा कागद. नोटीस, सभा, सर्वेक्षण यांपैकी काहीही करण्याआधी विभागीय अधिकाऱ्याने अभियंता, अतिक्रमण विभाग आणि नगररचना विभाग यांना एकत्र बसवून दोन रकाने भरायला लावले. पहिल्या रकान्यात ज्यावर चर्चा होणार नाही त्या गोष्टी: गटाराची रेषा, कामाचा हंगाम, आणि काम झाल्यावर पदपथ चालणाऱ्यांसाठी मोकळा राहणे. दुसऱ्या रकान्यात जे खरोखर बदलू शकते ते: भूखंडाचा कोणता भाग वापरायचा, ओट्यांची रचना, वेळा, कोणी आधी जायचे, सकाळच्या शेतकरी बायांची सोय कुठे करायची, आणि सगळा बाजार एकाच ठिकाणी न्यायचा की नाही.

या कागदाला आतूनच विरोध झाला. एकदा खुले आहे म्हटले की सगळेच सगळे मागतील, असे अभियंत्यांचे म्हणणे होते; ‘जागा तीच राहू द्या’ यापलीकडे चर्चा जाणार नाही, असे अतिक्रमण विभागाचे. ही भीती नेहमीची आहे आणि पूर्णपणे चुकीचीही नाही. पण तिचा अनुभव बहुधा अशा सभांतला असतो, जिथे काय खुले आहे हे कोणीच सांगितलेले नसते. मर्यादा माहीत नसलेला माणूस मोठ्यात मोठी मागणी करून पाहतो, हे त्याच्या दृष्टीने शहाणपणच आहे.

इंग्लंडच्या न्यायालयांत या मुद्द्याला बराच जुना आधार आहे. लंडनमधील ब्रेंट या स्थानिक संस्थेविरुद्धच्या १९८५ च्या गनिंग खटल्यात चार निकष मांडले गेले. प्रस्ताव घडत असतानाच विचारावे. विचार करून उत्तर देता येईल इतकी माहिती आणि कारणे द्यावीत. पुरेसा वेळ द्यावा. आणि आलेल्या मतांचा निर्णय घेताना मनापासून विचार व्हावा. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हॅरिंगे या दुसऱ्या स्थानिक संस्थेच्या प्रकरणात हे निकष उचलून धरले आणि काही वेळा नाकारलेले पर्यायही लोकांपुढे ठेवावे लागतात, असे स्पष्ट केले. हे निकष आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण परकेही नाहीत. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना वा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे, आणि बाधितांना निर्णयाची कारणे देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. कोणी अर्ज केल्यावर द्यायची ही माहिती नाही. ती आपण होऊन द्यायची आहे. आपल्या कार्यालयांत कलम ६ च्या अर्जांची धास्ती असते, पण कलम ४ मात्र भिंतीवरच्या फलकापुरते उरले आहे.

त्यामुळे दुसऱ्या नोटिशीबरोबर पाहून सोडून दिलेल्या दोन पर्यायी जागांचीही माहिती दिली गेली: एक शाळेच्या आरक्षणाखालची म्हणून सोडली होती, दुसरी नाल्याच्या पूररेषेत येत होती. ही दोन वाक्ये लिहायला कार्यालयाला काहीच खर्च आला नाही. ‘पलीकडचा भूखंड बिल्डरसाठी राखून ठेवला आहे’ ही बाजारात पसरलेली कुजबुज मात्र त्यांनी बंद केली.

बाजारात जाऊन विचारणे

विचारणा बाजारातच झाली, आणि ती दोनदा: एकदा सकाळी बायांच्या पाट्या रिकाम्या होत आल्यावर, एकदा संध्याकाळी पाळीची गर्दी ओसरल्यावर. मत लिहून घ्यायला दुसऱ्या भागातील बचत गटाच्या बायका नेमल्या होत्या. स्थानिक कार्यकर्त्यांकडून लिहून घेतले असते तर कोण काय बोलले हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळले असते, आणि पावत्या फाडणाऱ्या माणसासमोर कोणी मन मोकळे करत नाही. प्रत्येक बाजारात सगळ्यांच्या वतीने बोलणारा एखादा ‘भाऊ’ असतो. कधी तो खरा पुढारी असतो, कधी जागेचे पैसे गोळा करणारा. त्याला वगळणेही चूक आणि त्याच्याच शब्दावर विसंबणेही चूक. म्हणून त्याचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकले गेले आणि बायकांची बैठक वेगळी घेतली गेली. कंपनीच्या बसथांब्यावर गिऱ्हाइकांनाही विचारले, जे सहसा कोणाच्याच यादीत नसतात.

खरी उकल मात्र भूखंडावर प्रत्यक्ष फिरताना झाली. नकाशा टेबलावर पसरून केलेल्या दोन बैठकांत जे निघाले नाही, ते अर्ध्या तासाच्या फेरीत निघाले. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास अभियंता आणि काही विक्रेते ओट्यांच्या रांगेत उभे होते. एका शेपू-मेथी विकणाऱ्या मावशींनी काही न बोलता डोक्यावरची पाटी ओट्यावर ठेवली आणि बाजूला झाल्या. पाटीवर थेट पश्चिमेचे ऊन पडत होते. ओट्यांची तोंडे सरळ मावळतीकडे होती आणि पत्र्याची पडवी इतकी उंच की, ऐन विक्रीच्या वेळी तिची सावली मागच्या भिंतीवर पडत होती. ‘साहेब, हिला इथं तासभर ठेवा, मग तुम्हीच घ्या,’ एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या एकाने ओट्याची उंची दाखवली. कमरेच्या वर असलेल्या त्या कट्ट्यावर बटाट्याचे पोते एकट्याने चढवता येत नव्हते, आणि खाली बसून विकण्याची सवय असलेल्या म्हातारीला वर चढून बसायला पायरीही नव्हती. पहिल्या आठवड्यात पालेभाजी का सुकली, याचे उत्तर फाईलमध्ये ‘विक्रेत्यांचा असहकार’ असे होते. ते उन्हात होते.

नकाशा करणाऱ्या अभियंत्याचा यात विशेष दोष नव्हता. भूखंड लांबट होता, दोन रांगा त्यात नीट बसत होत्या आणि अंदाजपत्रकात ऊन हा बाबीचा प्रकार नसतो. पण विक्रेत्यांना विचारणे म्हणजे त्यांची नाराजी शमवणे, असे जे मानले जाते, त्याला हा प्रसंग छेद देतो. कार्यालयाजवळ नसलेले ज्ञान त्यांच्याजवळ होते आणि ते अर्जाच्या भाषेत कधीच आले नसते.

सुनावणी आणि उत्तरे

सुनावणी महापालिकेच्या शाळेच्या सभागृहात, रात्री बाजार आवरल्यावर ठेवली. मंदिराचा सभामंडप जवळ होता आणि फुकट मिळत होता, पण सगळ्याच विक्रेत्यांना तिथे येऊन मोकळेपणाने बोलता आले नसते. एका पक्षाच्या संपर्क कार्यालयाचा देकारही याच कारणाने नाकारला गेला. व्यासपीठ ठेवले नाही. एरवी या कामी नगरसेवक दुवा ठरतात. परंतु मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपल्यानंतर काही वर्षे नाशिकचा कारभार प्रशासकांकडे होता, आणि त्या काळात प्रशासन व वस्ती यांच्यात तो दुवा राहिला नव्हता. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातील एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे; ती भरलेली पाहिलेला नागरिक मात्र विरळा.

एक रीत इथे पर्यावरण विभागाकडून उसनी घेतली. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार होणाऱ्या जनसुनावणीत किमान ३० दिवसांची पूर्वसूचना लागते, आणि सुनावणीच्या अखेरीस कामकाजाचा गोषवारा उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. भाजीबाजाराला ती अधिसूचना लागू नाही, तरीही त्या रात्री इतिवृत्त तिथेच वाचून दाखवले गेले. दोन ठिकाणी लोकांनी अडवले. ‘विक्रेत्यांनी सहमती दर्शवली’ हे वाक्य खोडून ‘पालेभाजीवाल्यांनी अटींसह सहमती दर्शवली, फळवाल्यांनी दर्शवली नाही’ असे करावे लागले. चार दिवसांनी कार्यालयात बसून लिहिलेल्या इतिवृत्तात हा फरक नक्कीच हरवला असता.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक मागणीसमोर निर्णय आणि कारण लिहिलेला तक्ता बाजारातच लावला गेला आणि ध्वनिक्षेपकावरून वाचला गेला. जुन्या जागीच राहू देण्याची मागणी फेटाळली. गटाराची रेषा हे कारण. ओट्यांची एक रांग उलट तोंडाची करणे, पडवी खाली घेणे आणि निम्मे ओटे गुडघ्याइतके बुटके करणे मान्य झाले. रहिवाशांची रात्री आठला बाजार बंद करण्याची मागणी फेटाळली, कारण दुसऱ्या पाळीचा कामगार त्यानंतरच भाजी घेतो. मात्र त्यांच्या फाटकासमोर एक पट्टा कायम मोकळा ठेवण्याचे लेखी मान्य झाले. शेतकरी बायांना पदपथाच्या रुंद भागावर सकाळी दहापर्यंत बसू द्यायचे ठरले. नकार मिळालेल्यांपैकी कोणीही खूश झाले नाही, पण नकाराचे कारण कळल्यावर भांडण त्या कारणाशी झाले, अधिकाऱ्याशी नाही. गाळेवाल्यांनी तर मोजमापे घेऊन एका कारणातली चूक दाखवली आणि तो निर्णय बदलावा लागला.

कायद्याच्या दृष्टीने या सगळ्याची जागा नगर पथविक्रेता समिती ही आहे. आयुक्त तिचे अध्यक्ष असतात, किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एकतृतीयांश महिला. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तर असेही म्हटले आहे की, स्थलांतर शक्यतो टाळावे, आणि करावेच लागले तर बाधित विक्रेत्यांना त्याच्या नियोजनात व अंमलबजावणीत सामील करावे. वरील पद्धत म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हती. समितीची बैठक शेवटी झाली आणि ठरलेल्या गोष्टींवर तिने शिक्कामोर्तब केले. ती आधी व्हायला हवी होती, हा या प्रकरणातील उघड दोष आहे, कारण बाजारात घेतलेल्या मतांना निवडून आलेल्या प्रतिनिधींची जागा घेता येत नाही. त्यांपैकी दोघांनी तसे बोलूनही दाखवले.

परिणाम आणि राहिलेली कामे

पथारीवाल्यांचा मोठा भाग नव्या जागी टिकला. बसथांबाच भूखंडाच्या तोंडाशी सरकवल्यामुळे गिऱ्हाईक आले. ही सूचना विक्रेत्यांची नव्हती, थांब्यावर विचारलेल्या कामगारांची होती. फळांच्या हातगाड्या मात्र चौकातच राहिल्या. चालता माल चालत्या गिऱ्हाइकाला विकायचा असतो, या त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्यांच्यासाठी भूखंड हे उत्तरच नव्हते. सोसायटीचे पदाधिकारी असमाधानी आहेत. पहिल्या वेळी आपल्या पत्राला मान मिळाला, दुसऱ्या वेळी आपण अनेकांपैकी एक ठरलो, ही त्यांची खंत. शिवाय सकाळच्या पाट्यांमागे उरणारा पाला दहानंतर कोण उचलणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

या पद्धतीला वेळ लागतो, हा आक्षेप खराच आहे. पहिल्या प्रयत्नात कागदावर महिनाभरात उरकलेल्या कामाला दुसऱ्या खेपेला एक अख्खा हंगाम गेला. पण पहिल्या प्रयत्नाची किंमत मोजताना वाया गेलेले ओटे, बंदोबस्त, जप्ती, वकिलाचे पत्र आणि थांबलेले गटार हे सगळे त्या महिन्यात धरायला हवे. सगळीकडे असेच करावे, असेही नाही. गोदावरीला पूर येऊन पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे शहरात पुराची खूण मानल्या जाणाऱ्या मूर्तीच्या, छातीला लागलेले असताना सराफ बाजारातील दुकानदारांकडून हरकती मागवत बसायचे नसते. पण गटाराची रेषा पुराच्या पाण्यासारखी रातोरात चढत नाही. ती वर्षभर आधी नकाशावर आलेली असते, आणि त्या दिवशी विचारायला सुरुवात केली तर सिंहस्थाची तारीखही आड येत नाही.

सहा महिन्यांच्या आढाव्यासाठी तीन विषय नोंदवले आहेत. पावसाळ्यात येणाऱ्या शेतकरी बायांची नोंद पुढच्या सर्वेक्षणात व्हावी म्हणून ते सर्वेक्षण जुलै-ऑगस्टमध्ये घ्यायचे की दोन टप्प्यांत, हा पहिला. हातगाड्यांसाठी चौकाच्या पलीकडील बाजूस ठरावीक वेळेची जागा आखता येते का, यावर वाहतूक पोलिसांचा अभिप्राय मागवला आहे. तिसरा विषय स्वच्छतागृहाचा: भूखंडावर ते बांधून तयार आहे, पण नळजोडणीची फाईल पाणीपुरवठा विभागात अडकल्याने कुलूप उघडलेले नाही. बायकांच्या बैठकीत सर्वांत आधी आलेली मागणी तीच होती आणि तक्त्यात तिच्यापुढे ‘मान्य’ असे लिहिलेले आहे.